गाडी सुरू होत नाही तेव्हा



मंडळाच्या वर्धापनदिनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, याबद्दल मी आपली आभारी आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. मोटार म्हणजे पुरुषांचे काम, असे आपण धरून चालतो. परंतु घरात पुरुषमाणूस नाही, मूल तापाने फणफणले आहे आणि दारातली गाडी हलत नाही, अशी वेळ येते. तेव्हा आधी १०८ ला फोन करावा, मग गाडीकडे वळावे.

आपल्या नगरला वाहनांचे नवल नाही. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था येथे आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९७२ साली निघालेली लूनाही नगरच्या कारखान्यात तयार होत असे. मग बायकांनीच का अडावे?

चूल पेटायला जळण, वारा आणि ठिणगी लागते. पेट्रोलच्या इंजिनाचेही तसेच. शिवाय ते फिरवायला जोर हवा. पूर्वी हँडल मारीत. आता सेल्फ फिरवतो, आणि सेल्फला बळ बॅटरीचे.

म्हणून किल्ली फिरवून प्रथम ऐकावे. नुसते टिकटिक वाजले, दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली किंवा तिची जोडणी सैल आहे. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी दिसते. तेथे हात घालण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. धातू दोन्ही टोकांना लागला तर हात भाजतो. दिवे लख्ख आहेत आणि सेल्फ मात्र फिरत नाही, तर दोष बहुधा सेल्फचा किंवा त्याच्या तारांचा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही? मग पेट्रोलचा काटा पाहावा. काही गाड्यांत किल्लीचे चित्र लुकलुकते. म्हणजे गाडीने किल्ली ओळखली नाही, दुसरी लावून पाहावी. पेट्रोलचा उग्र वास आला तर थांबावे आणि दिवा-काडी दूर ठेवावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, मध्ये विसावा द्यावा.

एक गोष्ट विशेष सांगते. बंद गाडी करंजी घाटासारख्या उतारावर कधीही सोडू नये. इंजिन बंद असता ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

दुरुस्ती आपणच करावी असे माझे म्हणणे नाही. पण मेस्त्रीला "गाडी बंद आहे" एवढेच न सांगता "सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही" असे सांगता आले, तर तो योग्य सामान घेऊन येईल आणि आपल्याला कोणी सहज फसवणार नाही.