न दिसणारे पाप



खोपटच्या एस. टी. आगारात गाडी मागे घ्यावयाची झाली म्हणजे वाहक खाली उतरून मागे उभा राहतो व शिट्टी वाजवितो. चालक कितीही कुशल असो, आरशात न दिसणारी जागा उरतेच. आत्म्याचेही तसेच आहे. पापनिवेदनापूर्वी आम्ही आपली विवेकबुद्धी तपासतो. परंतु जो दोष आम्हांस दोषच वाटत नाही, तो त्या तपासणीत सापडावा कसा? दावीद राजास दुसऱ्याचा अन्याय तत्काळ दिसला; स्वतःचा दाखविण्यास नाथान संदेष्ट्यास यावे लागले.

गोव्यातील दिवाडी बेटाचे मातेउश द कास्त्रो हे येथल्या मातीचे, म्हणून गोव्यात त्यांस याजकदीक्षा नाकारण्यात आली. नाकारणारे नित्य मिस्सा अर्पण करणारेच होते! पुढे रोममध्ये त्यांस दीक्षा मिळाली व १६३७ साली ते बिशप झाले.

त्या जुन्या लोकांस आम्ही सहज दोष देऊ. पण सोयरीक जुळविताना जात विचारणारे कोण? जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप होय, असे भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून आम्ही एवढे करू: घरची सून, कामाची बाई, मागल्या बाकावरचा शेजारी, यांस आमचे काय खुपते ते विचारू, आणि उत्तर मुकाट्याने ऐकू. यरीहोच्या आंधळ्याने दृष्टी मागितली, कारण आपले आंधळेपण त्यास ठाऊक होते. प्रभु येशू आम्हांस प्रथम तेवढे तरी कळू देवो. आमेन.