रोवणीच्या बैलाचे खूर



भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी परिचित असले, तरी या परिसरातील कित्येक घरांचा संसार मागाइतकाच धानाच्या बांधीवरही चालतो. ट्रॅक्टर गावोगाव पोहोचला आहे. तथापि लहान बांधीत, आणि जेथे भाडे परवडत नाही तेथे, चिखलणीचा भार आजही बैलजोडीवर किंवा रेड्यांवरच असतो.

रोवणीचे दिवस मोजके असतात. पऱ्हे तयार झालेले, बांधीत पाणी साचलेले आणि मजूर ठरलेले असताना बैल पाय उचलून उभा राहिला, तर त्या कुटुंबाचा सारा हंगाम अडतो. पऱ्हे जून होतात, उशिरा रोवलेल्या धानाला फुटवे कमी येतात आणि त्याची भरपाई पुढे कोणत्याही खताने होत नाही. म्हणून खुराची निगा हा अल्पभूधारकाच्या धान्याच्या कोठीचा प्रश्न आहे.

खूर कसा बिघडतो?

खुराचे बाहेरचे कवच माणसाच्या नखासारखे असते. बैलाचे हे कवच महिन्याला सुमारे ५ मिलिमीटर वाढते. त्याच्या आत मात्र रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेला जिवंत भाग असतो. तेथे सूज आली की कठीण कवचामुळे तिला पसरण्यास वाव मिळत नाही, आणि जनावरास असह्य वेदना होतात.

दिवसभर चिखलात राहिल्याने दोन खुरांमधील कातडी भिजून मऊ पडते. धसकटे, खडे व काटे यांनी तिला बारीक जखमा होतात. संध्याकाळी तेच जनावर शेणामुताने ओल्या झालेल्या गोठ्यात उभे राहिले, म्हणजे रोगजंतूंना त्या जखमांतून आत शिरण्याची वाट मिळते.

लंगडणे ही पहिली खूण नव्हे

पुष्कळदा बैल लंगडू लागल्यावर शेतकरी पायाकडे पाहतो. वास्तविक त्याआधीच पुष्कळ काही दिसत असते. जनावर एका पायावरील भार वारंवार हलवते, अधिक वेळ बसून राहते, उठताना कुचरते, पाठ बाकदार करून उभे राहते. खुराला हात लावल्यास तो गरम लागतो. अनुभवी विणकर विणण्यापूर्वी ताण्यावरून नजर फिरवतो. तीच सवय शेतकऱ्याने जू ठेवण्यापूर्वी बैलाच्या चारही पायांबाबत लावून घ्यावी.

चार प्रमुख विकार ओळखता आले पाहिजेत.

पहिला, खुरांमधील कुज. बहुधा एकाच पायाला सूज येते, दोन खुरांमधील कातडी फाटते, तीव्र दुर्गंधी येते आणि काही वेळा ताप चढतो.

दुसरा, लाळ्या-खुरकूत. हा विषाणूजन्य व अतिशय संसर्गजन्य रोग आहे. एका वेळी अनेक जनावरांना ताप येतो, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेवर व खुरांच्या बेचक्यात फोड येतात. एका पायाचे दुखणे आणि गोठ्याचे दुखणे यांतील हा भेद ध्यानात ठेवावा.

तिसरा, काटा, खिळा किंवा खडा रुतणे. जखम वरून बुजते आणि आत पू होतो. पावसाळ्यात उघड्या जखमेत अळ्याही पडतात.

चौथा, वाढलेले खूर. जे जनावर दीर्घकाळ दावणीला बांधलेले असते, त्याचे खूर झिजत नाहीत. ते पुढे वळतात आणि चाल बिघडते.

घोड्याची टाप अखंड असल्याने त्यास लाळ्या-खुरकूत होत नाही. मात्र ओल्या तबेल्यात टापेच्या तळाच्या खाचा काळ्या पडून सडतात. धान्य अधिक खाण्यात आल्यास टापेच्या आतील भागाला दाह होतो. मग घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो. अशा घोड्यास मुळीच चालवू नये व डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. धानाच्या राशीत तोंड घातलेल्या बैलालाही असाच धोका असतो.

काय करावे, काय टाळावे?

बांधीतून परतताच पाय स्वच्छ पाण्याने धुवावेत, खुरांची बेचकी बोटाने तपासून कापडाने कोरडी करावी आणि जनावर कोरड्या जागी बांधावे. जखम दिसल्यास पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने ती धुवावी आणि त्या बैलास चिखलात उतरवू नये. खोल रुतलेली वस्तू, पू, अळ्या किंवा ताप असल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, अथवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखमेवर डाग देणे, ऑइल किंवा कीटकनाशक ओतणे हे उपाय जिवंत भागाला अधिक इजा करतात. वाढलेले खूर जाणकाराकडूनच कापून घ्यावेत. नाल ठोकल्यावर बैल लंगडू लागला, तर खिळा जिवंत भागात गेल्याचा संशय घ्यावा व नाल लगेच काढवून घ्यावी.

लाळ्या-खुरकुतास प्रतिबंध हाच खरा उपाय. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात त्याची लस मोफत दिली जाते. ती दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी. रोग आलाच तर आजारी जनावर वेगळे बांधावे, त्याचे पाणी व चारा वेगळा ठेवावा आणि गोठा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने, १ लिटरला ४० ग्रॅम या प्रमाणात, धुऊन काढावा.

पंचायतीचे व शाळेचे काम

जनावरांतील संक्रामक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे हे मालकाप्रमाणेच ग्रामपंचायतीचेही कर्तव्य आहे. खबर दडपल्याने गावाची अब्रू वाचत नाही. बाजारच्या वाटेने रोग मात्र शेजारच्या गावी जातो. जखमी वा आजारी जनावरास कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली अपराध आहे, हेही पंचायतीने समजावून सांगावे. लसीकरणाचा दिवस आधी दवंडी देऊन कळवावा, सार्वजनिक हौदाभोवतीचा चिखल मुरूम टाकून हटवावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांस घरच्या जनावरांच्या खुरांची नोंद ठेवण्यास सांगितले, तर जे वडिलांच्या नजरेतून सुटते ते मुलाच्या वहीत सापडेल.

पोळ्याच्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, त्याचे खांदे शेकतात, शिंगे रंगवतात. तोवर चिखलणी आणि रोवणी आटोपलेली असते व खुरांचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. बैलाच्या पायाला हात लावण्याचा खरा मुहूर्त त्याआधीचा, आषाढातल्या प्रत्येक संध्याकाळचा आहे. त्यासाठी एक बादली पाणी, एक कोरडे फडके आणि पाच मिनिटे एवढेच लागते.