जोडीचा डाव



टेनिस म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें जाळ्याच्या दोहों बाजूंस उभे असलेले दोन एकाकी वीर येतात. वर्तमानपत्रांतील मथळे त्यांचे, कीर्ति त्यांची आणि पारितोषिकाचा मोठा वांटाहि त्यांचाच. त्याच मैदानावर, त्याच पंधरवड्यांत, चौघे मिळून जो दुसरा डाव खेळतात, त्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. आज मी त्या पुरुष-दुहेरीविषयीं, आणि तीपासून एका खेळाडूला काय लाभलें याविषयीं, चार शब्द बोलणार आहें.

एकेरीचें मैदान 27 फूट रुंद असतें. दुहेरींत दोन्ही कडांचे साडेचार फुटांचे पट्टे खुले होऊन तें 36 फूट होतें. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला 18 फूटच येतात. धांव कमी झाली खरी. परंतु विचाराला मिळणारा वेळहि तितकाच आखडतो. सर्व्हिस करणाराचा जोडीदार जाळ्यापाशीं उभा राहून पाठीमागें धरलेल्या हाताच्या बोटांनीं खूण करतो: मी जागेवर राहणार, अथवा आडवा धांवून चेंडू अडविणार. तो धांवला, तर त्याची मोकळी पडलेली बाजू दुसऱ्यानें तत्काळ सांभाळावयाची असते. मधोमध येणारा चेंडू कोणी घ्यावा, हेंहि चेंडू येण्यापूर्वींच ठरलेलें असावें लागतें. चेंडू मारण्याइतकेंच तो जोडीदारासाठीं सोडून देणें हें येथें कौशल्य ठरतें.

कूर्गचे रोहन बोपण्णा यांनीं आपलें आयुष्य या डावांत वेंचलें. 2010 सालीं अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत पाकिस्तानचे ऐसाम-उल-हक कुरेशी यांच्यासह ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचले. पण ब्रायन या जुळ्या बंधूंनीं दोन्ही सेट टायब्रेकवर जिंकले. पुढें बोपण्णांच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेली. 2021 सालच्या आरंभीं कित्येक महिने त्यांना एकहि सामना जिंकतां आला नाहीं. पोर्तुगालमध्यें समुद्राकडे पाहत बसलों असतां, आतां हें सारें सोडून घरीं जावें, असा विचार मनांत आला होता, असें त्यांनींच मागाहून सांगितलें. गुडघ्यांना आधार मिळाला तो योगासनांचा; आणि तींहि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनीं घालून दिलेल्या पद्धतीचीं.

2023 सालीं ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू एब्डन यांच्यासह ते पुन्हां अमेरिकेंतील त्याच अंतिम सामन्यांत उतरले आणि पुन्हां हरले. तेरा वर्षांच्या अंतरानें तीच पायरी निसटली! तथापि अवघ्या चार महिन्यांनीं हीच जोडी मेलबर्नला दाखल झाली. उपांत्य सामन्यांत चीनचे झांग झिझेन व चेक खेळाडू टोमास माखाच यांनीं त्यांना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेंचलें. तो 10-7 असा कसाबसा सुटला. 27 जानेवारी 2024 रोजीं इटलीचे सिमोने बोलेली व आंद्रेआ वावासोरी यांच्याशीं अंतिम सामना झाला. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्यें बोपण्णा-एब्डन यांनीं प्रतिस्पर्ध्यांना एकहि गुण दिला नाहीं, आणि सामना 7-6, 7-5 असा जिंकला. मिश्र दुहेरीचें मोठें विजेतेपद बोपण्णांना 2017 सालीं पॅरिसला मिळालें होतें. पुरुष-दुहेरीचें मात्र हें पहिलेंच. त्या वेळीं त्यांचें वय 43 वर्षांचें होतें. त्याच स्पर्धेच्या बळावर दुहेरींतील जगाचें पहिलें स्थानहि त्यांना लाभलें. इतक्या वयांत तें प्रथमच मिळविणारा दुसरा खेळाडू तोंवर झाला नव्हता.

1999 सालीं लिअँडर पेस व महेश भूपति यांची जोडी चारहि मोठ्या स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत पोहोंचली आणि पॅरिस व विंबल्डन येथें विजयी झाली, तो पराक्रम भर तारुण्यांतला होता. बोपण्णांचा विजय निराळ्या जातीचा. झिजलेल्या गुडघ्यांच्या मनुष्याला एकेरीनें केव्हांच निरोप दिला असता. दुहेरीनें त्याला जागा दिली, कारण तेथें अर्धा भार दुसरा उचलतो आणि कोठें उभें राहावें याचें ज्ञान पायांच्या वेगाची उणीव भरून काढतें. पण हा आधार फुकट मिळत नाहीं. आपली अर्धी बाजू दुसऱ्याच्या हवालीं करून मागें वळून न पाहणें, ही त्याची किंमत आहे.

2025 सालीं बोपण्णांनीं निवृत्ति जाहीर केली. यापुढें दुहेरीचा सामना पाहण्याचा योग आला, तर चेंडूवरून क्षणभर दृष्टि काढून जाळ्यापाशीं उभ्या असलेल्या खेळाडूच्या पाठीमागच्या हाताकडे पाहा. डाव तेथें सुरू होतो.