क्लब हाउस आहे, अंगणवाडी कुठे आहे?

आम्ही पुण्याच्या वेशीवरच्या एका नव्या गृहसंकुलातल्या बचत गटाच्या बाया. अठरा जणी आहोत. निम्म्या इथल्या फ्लॅटमध्ये राहतात, निम्म्या जुन्या गावठाणातून इथे कामाला येतात.

संकुलाच्या माहितीपत्रकात सोयींची मोठी यादी होती. पोहण्याचा तलाव, जिम, क्लब हाउस. सगळं आहे, खोटं नाही. पण दळण घेऊन दोन किलोमीटर जायचं आणि बससाठी हमरस्ता गाठायचा. गटाची बैठक आम्ही पार्किंगमध्ये घेतो, कारण क्लब हाउसचं भाडं आमच्या महिन्याच्या बचतीपेक्षा जास्त आहे!

खरी अडचण लहान मुलांची. आई कामावर गेली की ती कुठे राहणार? वजन, लसीकरण, पोषण आहार कोण बघणार? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं आहे, की गावातल्या किंवा झोपडवस्तीतल्या ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. आमचं संकुल अजून ग्रामपंचायतीच्याच हद्दीत आहे. मग आम्ही वही घेऊन दारोदार निघालो.

इमारतींमध्ये मुलं भरली ३१. मागे नवी इमारत उठतेय, तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत आणखी २२. ती मोजायची का, यावर गटात चांगलीच जुंपली. "काम संपलं की ही माणसं जाणार," एक ताई म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "जातील तेव्हा जातील. पोर आज तीन वर्षांचं आहे ना?" ५३ नावं लिहिली. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज दिला, एक प्रत ग्रामपंचायतीत दिली. दोन्हीकडून तारखेची पोच घेतली. तुम्हीही घ्या, तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे असतात.

आता प्रश्न खोलीचा. क्लब हाउसमागे एक खोली वर्षभर कुलपात आहे. पण बाहेरची मुलं गेटातून आत येणार, याला काही रहिवाशांची हरकत आहे. त्या खोलीला मागच्या रस्त्याकडूनही दार आहे. सोसायटीच्या सभेत आम्ही तेच दार उघडून मागणार आहोत. सभा रविवारी आहे, आणि मजुरांच्या खोल्यांतल्या दोघी आयाही आमच्याबरोबर येणार आहेत.