जुन्या स्कूटरचा कार्बुरेटर : दुरुस्त करावा कीं बदलावा?



पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यांतून निघालेली बजाज चेतक १९७२ सालीं बाजारांत आली, आणि पुढें तीसएक वर्षें महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाच्या दारांत तिनें ठाण मांडलें. आज त्या नांवानें विकली जाते ती विजेवर चालणारी गाडी. पेट्रोलची जुनी चेतक निघणें केव्हांच बंद झालें. तरीहि त्या जुन्या गाड्या पुष्कळ घरीं अजून आहेत, माझ्याहि घरीं एक आहे. अशा गाडीचा कार्बुरेटर रुसला म्हणजे धन्यापुढें प्रश्न पडतो : आहे तोच खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हां उभा करावा, कीं तो टाकून नवा घ्यावा? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर आहें, यंत्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ एकच गाडी संभाळतांना या प्रश्नाचा जो विचार करावा लागला, तो आपणांपुढें मांडतों.

कार्बुरेटरचें काम सांगावयास सोपें आहे. इंजिन हवा आंत ओढतें. ती हवा चिंचोळ्या गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि वाटींतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रांतून वर चढून तुषाररूपानें हवेंत मिसळतें. वाटींतील पातळी फ्लोट राखतो. गच्चीवरच्या टाकींत तरंगता गोळा टाकी भरतांच नळ बंद करतो, तसाच हा प्रकार. नळाच्या जागीं येथें एक टोकदार निडल असते, इतकेंच.

आतां पहिली गोष्ट अशी कीं, दोष कार्बुरेटरचाच आहे हें आधीं ठरलें पाहिजे. आमचे मिस्त्री लोक गाडी मिस मारूं लागली कीं प्रथम कार्बुरेटरवर बोट ठेवतात, कारण तो हाताशीं असतो व विकतांहि येतो. परंतु चेतकचें इंजिन दोन टप्प्यांचें आहे, आणि अशा इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण क्रँककेसमधून जातें. तेथील चक्राच्या बाजूचें रबरी सील फाटलें तर चोरवाटेनें हवा आंत शिरते व रेस आपोआप चढूं लागते. अगदीं कार्बुरेटर बिघडल्यासारखीं लक्षणें दिसतात. क्लचच्या बाजूचें सील गेलें तर गिअरचें तेल आंत ओढलें जाऊन पांढरा धूर निघतो. या दोन्ही दुखण्यांवर नवा कार्बुरेटर बसविणें म्हणजे पोटदुखीवर चष्मा देणें होय. टाकींतील गंज, तुंबलेला कॉक, जुना प्लग हींहि आधीं पाहून घ्यावींत.

दोष कार्बुरेटरचाच ठरला तर तो खोलावा. माझ्या मतें निर्णयाची किल्ली एकाच भेदांत आहे. निडल, तिची बैठक, जेट, गॅस्केट, फ्लोट हे भाग झिजण्यासाठींच केलेले आहेत. ते बदलावयाचेच असतात, आणि त्यांचें कीट नव्या कार्बुरेटरच्या मानानें अगदीं अल्प खर्चांत मिळतें. ज्या ओतीव धडांत हे सारे बसतात, तें धड मात्र एकदां गेलें कीं गेलें. म्हणून माझें म्हणणें असें कीं परीक्षा धडाची घ्यावी.

ती घरीं घेतां येते. चेतकचा कार्बुरेटर हवेच्या चाळणीखालीं पत्र्याच्या डबींत दोन लांब बोल्टांनीं आवळलेला असतो. धातु मऊ, आवळणारा हात मात्र मऊ नसतो! जोर अधिक झाला कीं तळ वांकडा होतो, सांध्यांतून हवा शिरते आणि स्लाइड आपल्या खांचेंत अडकूं लागते. सपाट कांचेवर अगदीं बारीक पॉलिश कागद पसरून त्यावर तळ हलक्या हातानें घासून पाहावा. सगळीकडे सारखी चकाकी आली तर तळ सपाट आहे. दोन टोकेंच चकाकलीं तर मध्यें पोकळी आहे. पोकळी थोडी असल्यास घासूनच निघते. परंतु स्लाइडची खांच इतकी झिजली असेल कीं स्लाइड बोटानें खडखड हलते, बोल्टांच्या भोंकांजवळ तडा असेल किंवा जेटचे आटे फाटले असतील, तर तेथें माया करूं नये. तो कार्बुरेटर बदलावा.

माझ्या गाडीचें पेट्रोल गळूं लागलें तेव्हां एका कारागिरानें, झांकण न उघडतांच, नवा घ्या म्हणून सांगितलें. उघडून पाहतां निडलच्या टोकाला वळी पडली होती, एवढेंच. धड सरळ होतें. निडल व गॅस्केट बदललें आणि गळती थांबली. गळतीची हयगय मात्र कोणी करूं नये. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारें पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

नव्याचा पक्ष घेणारे म्हणतात, नवें तें निर्दोष. तें मला मान्य नाहीं. जुन्या गाडीसाठीं आज जे नवे कार्बुरेटर मिळतात त्यांत नकलाहि असतात, आणि नकलेंतील जेट आपल्या इंजिनाच्या मापाचा असेलच असें नाहीं. माझ्या एका सहशिक्षकांनीं असाच एक बसवून घेतला. मागें पत्नी, चढ खंबाटकी घाटाचा. पेट्रोल कमी व हवा अधिक झाल्यानें इंजिन तापलें, आणि त्याच पेट्रोलांतून येणारें तेलहि कमी पडून पिस्टन आंतच चिकटला. मागलें चाक जागच्या जागीं अडलें. त्यांनीं तत्काळ क्लच दाबला म्हणून दोघें बचावलीं.

हा धोका आतां वाढला आहे. आपल्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. २०२२ च्या जूनमध्यें त्याचें प्रमाण शेंकडा १० झालें आणि २०२५ मध्यें २० वर गेलें. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठीं वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणास साडेतेरा भाग हवा पुरते, आणि तितक्याच हवेला इंधन मात्र सुमारें ९ टक्के अधिक हवें. नव्या गाड्यांतील इंजेक्शनची यंत्रणा हें आपलें आपण सांवरून घेऊं शकते. आपला जेट काय सांवरणार? त्याचें छिद्र तेंच. मोठ्या जेटवरील आंकडा हा छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशांत. १०० च्या जागीं १०५ चा घातला तर व्यास पांच टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे दहा टक्क्यांहून किंचित् अधिक वाढतें. वर्गांत हें गणित घालतांना त्याचा असा उपयोग होईल असें कोणा विद्यार्थ्याला वाटलें नसेल. मात्र तारेनें टोंचून छिद्र मोठें करूं नये. पितळ मऊ असतें, छिद्र वेडेंवांकडें होतें व मग त्यावरील आंकड्यास अर्थ उरत नाहीं. जेट साफ करणें तें फुंकरीनेंच.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतें व पाणी शोषून घेतें. म्हणून दुरुस्ती करतांना निडलचें टोंक, गॅस्केट व पेट्रोलची नळी नव्या इंधनास टिकणारीं मागून घ्यावीं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटींतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालूं द्यावें.

बदलण्याचेंच ठरलें तर जुना कार्बुरेटर दुकानदारास देऊं नये. त्याचे जेट काढून, त्यांवरील आंकडे वहींत टिपून, नव्याच्या जेटांशीं ताडून पाहावे. मग आठ-दहा मैल रमतगमत चालवून, इंजिन बंद करून प्लग काढावा. टोंक तांबूस-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळें व ओलसर असेल तर पेट्रोल अधिक. पांढुरकें दिसलें तर गाडी घाटांत नेऊं नये, आधीं जेट बदलावा.