उडता हत्ती आणि बाजूचा दरवाजा



अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी विद्यार्थी कोणकोणत्या करामती करतात, याच्या बातम्या आपण चवीने वाचतो. २०१० साली टफ्ट्स विद्यापीठाने अर्जासोबत एक मिनिटाची चित्रफीत पाठविण्याची मुभा दिली, तेव्हा एका मुलाने दूरनियंत्रणावर चालणारा हत्ती आकाशात उडवून दाखविला. हत्ती हे त्या विद्यापीठाचे बोधचिन्ह. २०१७ साली स्टॅनफर्डच्या अर्जात 'तुम्हाला कशाचे महत्त्व वाटते आणि का?' असा प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे घोषवाक्य शंभर वेळा लिहिले आणि त्याला प्रवेश मिळाला.

हसण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलावर दारात उभे राहून खेळ करून दाखविण्याची पाळी कोणी आणली?

याचे उत्तर इतिहासात आहे. १९२२ साली हार्वर्डच्या नव्या तुकडीत ज्यू विद्यार्थी एक पंचमांशाहून अधिक झाले होते. परीक्षेच्या जोरावर ते येत होते. अध्यक्ष लॉवेल यांना हे प्रमाण १५ टक्क्यांवर रोखावयाचे होते. उघड मर्यादेला विरोध झाला, तेव्हा १९२६ पासून 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' या निकषांना वजन देण्यात आले. अर्जासोबत छायाचित्रही मागविण्यात आले. मोजता न येणारा निकष हा नको असलेल्यांना बाहेर ठेवण्याचा सर्वांत सभ्य मार्ग ठरला. हेच 'व्यक्तिमत्त्व' दाखविण्यासाठी आजचा मुलगा हत्ती उडवीत आहे.

निकष धूसर असला की धनिकांचे फावते. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात पन्नास जणांवर आरोप ठेवण्यात आले. सूत्रधार रिक सिंगर याने पालकांना 'बाजूचा दरवाजा' देऊ केला होता. कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू ठरविण्यासाठी खऱ्या खेळाडूंच्या धडांवर त्यांचे चेहरे चिकटविले गेले, प्रशिक्षकांना लाच दिली गेली आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या गेल्या. लाचेची रक्कम धर्मादाय देणगी म्हणून दाखविली जाई. एकूण उलाढाल सुमारे अडीच कोटी डॉलर्सची होती. २०२३ साली सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. एका नामवंत अभिनेत्रीला मात्र चौदा दिवसांची कैद पुरेशी ठरली.

परंतु खरा अन्याय या गुन्ह्यात नाही, तो कायदेशीर व्यवहारात आहे. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवून दिले की, बारा अग्रगण्य विद्यापीठांत, परीक्षेतील गुण सारखेच असूनही, सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले तेथे शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारे प्रवेश रद्द केले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र त्या निकालाने कायमच राहिले.

आपणही फुशारकी मारण्याचे कारण नाही. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक मिळाली, जागांचा बाजार भरला आणि १९८७ साली कॅपिटेशन फी रोखण्यासाठी कायदा करावा लागला. बाजूचा दरवाजा आपल्याला चांगलाच परिचित आहे.

केवळ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश द्यावा, असे काही मित्र म्हणतील. ते अधिक प्रामाणिक खरे. पण शिकवणी वर्गाची लाखांची फी भरणारा आणि सुट्टीत मजुरीला जाणारा, हे दोघे एकाच रेषेवरून धावत नाहीत.

म्हणून आपली मागणी पहारेकरी बदलण्यापुरती असू नये. दरवाजा रुंद झाला पाहिजे. तालुक्याच्या गावी चांगले सरकारी महाविद्यालय असेल, तेथे प्राध्यापकांची पदे भरलेली असतील, वसतिगृह असेल, तर मूठभर नामांकित संस्थांच्या दारातील ही झुंबड ओसरेल. आपापल्या भागातील रिक्त पदांची आणि बंद वसतिगृहांची यादी कार्यकर्त्यांनी करावी. लढा तेथून सुरू होतो.