पडद्यावरच्या रेघा



लॅपटॉप सुरू केला, आणि पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या.
किंवा पडदा काळाच. पंखा मात्र घरघरतोय.

घाबरू नका.
आधी लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा.
तिथे चित्र स्वच्छ दिसलं, तर बिघाड बहुधा पडद्यात किंवा केबलमध्ये.
तिथेही त्याच रेघा दिसल्या, तर संशय ग्राफिक्स चिपवर.

बहुतेक लॅपटॉपमध्ये ही चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते.
ती तापते, निवते, पुन्हा तापते.
मग कधीकधी तिच्याखालचं बारीक सोल्डर तडकतं.
2008 साली एनव्हिडियाच्या काही चिपमध्ये असाच दोष निघाला.
तेव्हा डेल आणि एचपीने ठरावीक मॉडेलची वॉरंटी वाढवून दिली होती.
म्हणून मुदत संपली असली, तरी कंपनीला एकदा विचाराच.

आता मुख्य गोष्ट.
वॉरंटी असेल, तर लॅपटॉप बाहेर उघडू नका.
मी बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेतला होता.
कारागिरानं चिपला गरम हवा दिली. पडदा उजळला.
पंधरा दिवसांत रेघा परत!
आणि कंपनी म्हणाली, सील तुटलंय.

तेव्हा पुन्हा सांगतो. वॉरंटीत असताना बाहेर उघडू नका.
बिल घेऊन थेट कंपनीच्या सेवा केंद्रात जा.
त्याआधी जमलं तर फायली दुसरीकडे उतरवून घ्या.
तक्रार लिहिलेली जॉबशीट मागून घ्या. तोंडी आश्वासन नको.

तिथे टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.
नंबर आहे 1915.
एक, नऊ, एक, पाच.